मेलबॉक्स भरलाय म्हणे

दोन वर्षांपूर्वीचा जुलै, वीस तारीख. अकाउंट्स बघणाऱ्यांना वीस तारीख म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, थ्री बी म्हणजे जीएसटीचा महिन्याचा रिटर्न भरायचा शेवटचा दिवस, जीएसटीचं पोर्टल बैलगाडीच्या चालीनं चाललेलं, त्यात शेठचा दर दहा मिनिटांनी फोन, झालं का झालं का. मी जळगावला एमआयडीसीत एका चटईच्या फॅक्टरीत हिशोब बघते, पंधरा वर्षं झाली. त्या दिवशी डबा टेबलावरच उघडला होता, कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा, उजव्या हातात घास आणि डाव्या हातात माऊस, आणि तेवढ्यात मेल आला की तुमचा मेलबॉक्स ९८ टक्के भरलाय, २४ तासांत खात्री केली नाही तर येणारे मेल बंद होतील. खाली सही, आयटी सपोर्ट टीम.

आता आमच्याकडे आयटी सपोर्ट टीम म्हणजे गोलाणी मार्केटमधला एक पोऱ्या, जो महिन्यातून एकदा प्रिंटरचं कार्ट्रिज भरायला येतो आणि चहा पिऊन जातो. त्याने आजवर मला एक मेल केलेला नाही. त्याला काही सांगायचं असलं की तो फोन करतो आणि म्हणतो ताई बंद करून चालू करा. तरी मी ती लिंक दाबली, कारण डोक्यात एकच, आज मेल बंद पडले तर मेले.

पान उघडलं ते हुबेहूब आमच्या मेलच्या लॉगिनचं. माझा मेल पत्ता आधीच भरलेला, फक्त पासवर्ड टाकायचा बाकी. आणि इथे एक गोष्ट झाली जी मला दिसली होती, खरंच दिसली होती, पण मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. रोज सकाळी मेल उघडते तेव्हा क्रोम पासवर्ड स्वतःहून भरतं, काळे ठिपके आपोआप येतात. त्या दिवशी तो रकाना रिकामा होता. मला वाटलं अपडेट बिपडेट झालं असेल, आणि डाव्या हाताने एकेक अक्षर दाबत पासवर्ड टाकला. क्रोम पासवर्ड साइटच्या पत्त्याशी बांधून ठेवतं, पान दिसायला कसं आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, पत्ता जुळला नाही की ते गप्प बसतं. लोगो बघून मी भुलले, क्रोम नाही भुललं, आणि मी समजले की क्रोमच बिघडलं.

बरं एवढ्यावर नाही थांबले. पान म्हणालं चुकीचा पासवर्ड. म्हटलं असेल, डावा हात आहे, परत टाकला. परत चुकीचा. मग मी काय करावं, घरच्या जीमेलचा पासवर्ड टाकून बघितला! म्हणजे त्यांनी एक किल्ली मागितली आणि मी अख्खा जुडगा काढून दिला. हे मुद्दाम चुकीचं म्हणणं ही त्यांची नेहमीची चाल असते ते मला नंतर समजलं, दोनदा टाकायला लावलं की पासवर्ड नीट टाइप झालाय याची त्यांना खात्री होते, आणि माझ्यासारखी कुणी भेटली तर दुसरापण फुकट. मग पान म्हणालं धन्यवाद, आणि आमचं खरं मेलचं पान उघडलं. मी थ्री बी भरला, रात्री साडेआठला घरी गेले आणि सगळं विसरले.

तीन आठवडे काहीही झालं नाही. हे वाचणाऱ्यांनी नीट लक्षात घ्या, तीन आठवडे काहीच झालं नाही. आपल्याला वाटतं फसलो तर लगेच पैसे जातील, मेसेज येईल, आरडाओरड होईल. तसं काही नाही, ते माझे मेल वाचत बसले होते. कोणाला किती माल जातो, कोणाचं पेमेंट कधी येतं, मी कुणाला काय लिहिते. आणि त्यात मी माझ्या हाताने सगळ्या पार्ट्यांना मेल टाकला होता की सोमवारी मी सुट्टीवर आहे, घरी कानबाई आहे.

खानदेशातल्या लोकांना माहितीये, बाकीच्यांसाठी सांगते, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते आणि सोमवारी विसर्जन. भाऊबंद सगळे जमतात, रोट होतात, रात्रभर गाणी. तर सोमवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास, डोक्यावर कानबाईचा पाट घेऊन जाऊबाई पुढे, मागे आम्ही सगळ्या, डफ वाजतोय, फुगड्या चालल्यात, आणि माझा फोन. बुऱ्हाणपूरचे चाचा. वीस वर्षांचे ग्राहक आमचे, माझ्या लग्नात आहेर आणलेला माणूस. म्हणाले, "बेटा, खाता बदल गया क्या?"

मी म्हटलं कुठलं खातं.

ते म्हणाले, तूच तर सकाळी मेल केलास, जुन्या खात्याचं ऑडिट चालू आहे म्हणून यापुढे या नवीन खात्यावर पाठवा, आणि अ‍ॅडव्हान्स आजच पाठवला तर दोन टक्के सूट. बिलाचं पीडीएफ जोडलेलं, आपलं लेटरहेड, बिल नंबरसुद्धा पुढचाच. चाचांनी ४५ हजार पाठवले आणि मग चहा पिता पिता परत मेल वाचला. "तू कधी मला डियर सर म्हणतेस का? तू तर नमस्ते चाचाजी लिहितेस." तिथे त्यांना खटकलं. आयएफएससी कोड बघितला तर शाखा इथून हजार किलोमीटर लांब. "जळगावात बसून तू तिथे कशाला खातं उघडशील?"

डफाच्या आवाजात मला निम्मं ऐकू येत नव्हतं, पण जेवढं आलं तेवढ्याने पाय लटपटायला लागले.

नशीब माझं की भाचा सोबत होता, तो पुण्यात आयटीत आहे. त्याने पहिलं वाक्य काय बोललं तर चाचांना सांग आत्ताच्या आत्ता १९३० ला फोन लावा, बाकी सगळं नंतर. मी म्हटलं अरे ते मध्य प्रदेशात आहेत. तो म्हणाला नंबर अख्ख्या देशाला एकच आहे, आणि फोन ज्याचे पैसे गेले त्यानेच करायचा, तू केलास तर तुझ्याकडे ना त्यांचा खाते नंबर ना व्यवहाराचा नंबर, सांगशील काय? चाचांनी सव्वाच्या सुमाराला फोन लावला. आपलं नाव, बँक, किती रुपये, किती वाजता, यूटीआर म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर, पैसे कुठल्या खात्यात गेले, एवढं विचारलं आणि तक्रारीचा नंबर दिला. त्याचं काम असं चालतं की ही माहिती लगेच समोरच्या बँकेकडे जाते आणि त्या खात्यात जेवढे पैसे शिल्लक असतील तेवढे तिथेच अडकवले जातात. ते पुढे दुसऱ्या खात्यात गेले असतील तर तिथे मागे मागे जातात. एटीएममधून कोणी काढून नेले की संपलं. म्हणून सगळा खेळ तासांचा आहे, आधी घरच्यांना विचारू, उद्या बँकेत जाऊन येऊ, मग बघू, असं केलं की गेले. फोन झाल्यावर सायबर क्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या साइटवर तक्रार पूर्ण भरावी लागते, स्क्रीनशॉट, स्टेटमेंट वगैरे जोडून, ती संध्याकाळी चाचांच्या नातवाने भरली.

३१ हजार अडकले, १४ हजार तोपर्यंत निघून गेलेले.

इकडे भाच्याने मला विसर्जन झाल्या झाल्या, ओल्या साडीत, घरी लॅपटॉपसमोर बसवलं. मी पासवर्ड बदलायला निघाले तर म्हणाला मामी थांब, आधी सेटिंगमध्ये जा, फिल्टर दाखव. मी आयुष्यात ते पान उघडलेलं नव्हतं. तिथे एक फिल्टर होता जो मी बनवलेला नाही. ज्या मेलमध्ये इन्व्हॉइस, पेमेंट किंवा बँक असा शब्द असेल तो एका परक्या पत्त्यावर पाठवायचा, आणि चाचांच्या पत्त्यावरून काही आलं तर ते इनबॉक्समध्ये न दाखवता परस्पर कचऱ्यात टाकायचं. म्हणजे चाचांनी फोन न करता मेलवर विचारलं असतं तर तो मेल मला दिसलाच नसता, आणि माझ्या नावाने त्या चोरांनीच उत्तर दिलं असतं, होय चाचाजी बदललंय. आपल्याच घराच्या मागच्या भिंतीला कोणीतरी दार पाडलंय आणि आपण पुढच्या दाराचं कुलूप बदलतोय, तसं झालं असतं. नुसता पासवर्ड बदलून तो फिल्टर जात नाही. फिल्टर काढला, सगळीकडून लॉगआउट केलं, मग पासवर्ड, मग टू स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारं, ते चालू केलं, मग जीमेलचं तेच सगळं परत. आणि मग रात्री अकरापर्यंत एकेका पार्टीला फोन, मेल नाही, फोन, की आमचं खातं बदललेलं नाही. ६२ फोन केले.

सासूबाई बाजूला रोट घेऊन बसल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "इतली शिकेल शे ना तू, तरी फसनी?"

फसनी.

तेव्हापासून आमच्या ऑफिसात कोणालाही मेलची शंका आली की मॉनिटर माझ्याकडे वळवतात, जणू मी तज्ञ आहे. मी तज्ञ बिज्ञ नाही, पण दोन वर्षांत नजर बसली थोडी, ती सांगते.

सगळ्यात पहिले तर स्पेलिंगच्या चुका शोधायचं सोडा. जुन्या काळी इंग्रजी गचाळ असायचं म्हणून कळायचं, आता माझ्यापेक्षा चांगलं इंग्रजी लिहितात, मराठीतही येतात. लोगोही बघू नका, लोगो उचलून चिकटवायला काय लागतं. मी आता फक्त हे बघते की यात रोजच्यासारखं काय नाहीये. गोलाणीवाला पोऱ्या मेल करत नाही, मी चाचांना डियर सर म्हणत नाही, पासवर्डचा रकाना रिकामा राहत नाही. तिन्ही गोष्टी त्या पानावर किंवा मेलवर लिहिलेल्या नव्हत्या, माझ्या आणि चाचांच्या सवयीत होत्या.

दुसरं म्हणजे लिंकचा पत्ता. कॉम्प्युटरवर लिंकवर माऊस नुसता नेला, दाबला नाही, की खाली कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो, मोबाईलवर बोट दाबून धरलं की. तो वाचायचा कसा, तर आपल्या पोस्टाच्या पत्त्यासारखा. मुक्काम पोस्ट अमुक, तालुका यावल, जिल्हा जळगाव. गाव कुठलं आहे ते शेवटच्या शब्दांनी ठरतं, बरोबर? पिंपरी नावाची गावं पन्नास असतील. लिंकमध्ये सुरुवातीचं एचटीटीपीएस आणि त्याच्या दोन रेघा सोडून पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी जे शेवटचे दोन-तीन शब्द असतात ना, तो जिल्हा-तालुका. मला एकदा आलेली लिंक अशी होती, इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन डॉट रिफंड आणि पुढे काहीतरी अगम्य डॉट कॉम. सुरुवात वाचली तर वाटतं सरकारी आहे. शेवट वाचा, डॉट कॉम! गावाचं नाव दिल्ली आणि जिल्हा भलताच. सरकारी असेल तर शेवट बहुतेक वेळा जीओव्ही डॉट इन नाहीतर एनआयसी डॉट इन वर होतो. बँकांसाठी तर आता सोपं झालंय, रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या साइट डॉट बँक डॉट इन वर आणायला सांगितलं होतं, आणि तो शेवट बँकेशिवाय कोणाला मिळत नाही. पण अक्षरं नीट वाचा, इंग्रजीतला आर आणि एन चिकटून लिहिले की लांबून एम दिसतो, माझ्यासारख्या चाळिशीच्या चष्म्याला तर नक्कीच.

इन्कम टॅक्सच्या नावाने जुलैत पाऊस पडतो अशा मेलचा, रिफंड मंजूर झालाय कार्डाचा नंबर द्या. अहो रिफंड तुम्ही पोर्टलवर व्हॅलिडेट केलेल्या खात्यातच येतो, कार्ड नंबर कशाला लागेल त्यांना. आणि नोटीस खरी की खोटी ते बघायची सोय आहे, १ ऑक्टोबर २०१९ पासून इन्कम टॅक्स खात्याच्या पत्रांवर डीआयएन म्हणून एक नंबर टाकतात, पोर्टलवर लॉगिन न करताही तो तपासता येतो. मी शेठला हे दाखवलं तेव्हापासून ते नोटीस आली की आधी डीआयएन आणि मग बीपीची गोळी. पूर्वी उलटा क्रम होता.

आता हे सगळं बघूनही चाचांची केस सुटत नाही हं. कारण तो मेल माझ्याच खऱ्या खात्यातून गेला होता, पत्ता बरोबर, सगळं बरोबर. जीमेलमध्ये तीन ठिपके दाबून शो ओरिजिनल केलं की एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क असे तीन शब्द आणि पुढे पास किंवा फेल दिसतं, फेल असेल तर मेल संशयाचा, पण पास म्हणजे मेल पत्त्यात अ‍ॅटच्या पुढे जे नाव आहे तिथून आला एवढंच, लिहिणारा माणूस कोण ते नाही. म्हणून खातं बदललं असं कोणी लिहिलं तर फोन करायचा, आणि मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, आपल्या जुन्या डायरीतल्या नंबरवर.

आणि आता माझं खरं भांडण. आमच्या आजूबाजूच्या दहा फॅक्टऱ्यांत असे मेल येतात, सगळे काय करतात? डिलीट. एकदम शहाणपणाने, ओळखलं बुवा मी, आणि डिलीट. अरे पण तुझ्याकडून गेला तो शेजारच्या गाळ्यात पोचला ना. जीमेल कॉम्प्युटरवर उघडलं की त्याच तीन ठिपक्यांत रिपोर्ट फिशिंग, म्हणजे असल्या फसव्या मेलची तक्रार करायची सोय आहे, दहा सेकंद लागतात, त्याने गुगलकडे मेलची प्रत जाते आणि तसलेच मेल दुसऱ्यांच्या इनबॉक्सपर्यंत पोचणं अवघड होतं. खोटं पान असेल तर तेही गुगलच्या सेफ ब्राउझिंगला कळवता येतं, मग क्रोमच काय फायरफॉक्ससुद्धा लाल पान दाखवून अडवतं. इन्कम टॅक्सच्या नावाचा मेल असेल तर तो वेबमॅनेजर अ‍ॅट इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन ला पाठवायचा आणि प्रत इन्सिडेंट अ‍ॅट सर्ट हायफन इन डॉट ओआरजी डॉट इन ला, ही सर्ट इन म्हणजे केंद्र सरकारची सायबर सुरक्षेची संस्था. पाठवताना साधा फॉरवर्ड करू नका, फॉरवर्ड अ‍ॅज अटॅचमेंट करा, साध्या फॉरवर्डमध्ये मेल कुठून कुठून फिरून आला तो आतला मजकूर गळून जातो आणि तपास करणाऱ्याला तोच पाहिजे असतो. हे मला आधी माहीत नव्हतं, मी सुरुवातीला स्क्रीनशॉट काढून पाठवत बसायचे. पैसे गेले नसले तरी सायबर क्राइमच्या त्या साइटवर संशयित मेल पत्ता किंवा साइट नोंदवायची सोय आहे. एसएमएस, व्हॉट्सअ‍ॅपवर आलं असेल तर मात्र संचार साथी या दूरसंचार विभागाच्या साइटवरचं चक्षू.

लोक नोंदवत नाहीत याचं खरं कारण आळस नाही, लाज आहे. मलाही वाटली होती. चाचांचा फोन आला तेव्हा पहिले मला काय वाटलं असेल, सांगू? शेठला कळायला नको. चाचांचे पैसे नाही, शेठला कळायला नको. ती पाच मिनिटं मी डफाच्या आवाजात तशीच उभी होते, आणि तेवढ्या वेळात तिकडे कोणीतरी एटीएमच्या रांगेत असेल. शेठला मी रात्री सांगितलं. ओरडले, साहजिकच आहे. मग दुसऱ्या दिवशी आमच्या लाइनीतल्या दोन फॅक्टऱ्यांच्या अकाउंटंटनी हळूच मला बाहेर बोलावलं, चहाच्या टपरीवर, आणि सांगितलं की मॅडम आमच्याकडेपण तो मेलबॉक्सवाला मेल आलता, आम्हीपण पासवर्ड टाकलाय. दोघांनी! महिनाभर गप्प. मी म्हटलं चला आत, फिल्टर बघू. एकाकडे निघाला.

चाचांच्या ३१ हजारांना कोर्टाच्या आदेशाची वाट बघावी लागली, सात महिने गेले, पण आले. बँकेने बाकीच्या १४ हजारांबद्दल हात वर केले, कारण पैसे चाचांनी स्वतःच्या हाताने पाठवले होते. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं जे कामाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य वालं परिपत्रक होतं, ते आपल्या परवानगीशिवाय कोणी पैसे काढले आणि त्यात आपली चूक नसली तर. इथे लागू झालं नाही. मग शेठ आणि चाचांमध्ये महिनाभर धुसफूस, चूक आमच्या मेलची की त्यांच्या घाईची, शेवटी सात-सात हजारावर मिटलं आणि शेठनी वर दहा चटया दिल्या. माझ्या पगारातून काही कापलं नाही, पण फराळाच्या वेळी विषय काढतात अजून.

परवा परत आला, मेलबॉक्स ९९ टक्के भरलाय म्हणे. रिपोर्ट केला, सर्टला पाठवला आणि डबा उघडला. तेवढ्यात चाचांचा फोन, आता दर पेमेंटच्या आधी करतात, खात्याचे शेवटचे चार आकडे माझ्याकडून वदवून घेतात आणि मग विचारतात, "बेटा, बँक जळगाव में ही है ना?"